आल्फ्रेड वर्नर : एका धातूचे दोन अंक

पावसाळ्यांत येऊरच्या डोंगरावर ढग उतरले म्हणजे वर्तकनगरांतील आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत भर दुपारीं दिवे लावावे लागतात. अशाच एका दुपारीं वरच्या वर्गांतील विद्यार्थी मोरचुदाच्या निळ्या द्रावणांत अमोनियाचे थेंब सोडीत होते. प्रथम फिकट निळा साका बसला. आणखी थेंब पडतांच तो विरघळला, आणि नळींत इतका गर्द निळा रंग उतरला कीं, मुलें क्षणभर आपली प्रयोगवही विसरलीं. मग शिक्षकांनीं विचारलें कीं, ह्या गर्द निळ्या पदार्थांत तांब्याचा ऑक्सिडेशन अंक किती? पुष्कळांनीं चार म्हणून सांगितलें. कांहींनीं दोन व चार ह्यांची बेरीज करून सहा सांगितलें. दोन हें खरें उत्तर देणारे अगदींच थोडे निघाले.

ज्यांनीं चार सांगितलें, त्यांनीं तांब्याच्या अणूभोंवतीं बसलेले अमोनियाचे चार रेणु मोजले होते. ती गणना बरोबर होती. परंतु ती कोऑर्डिनेशन अंकाची गणना होती. विचारलेला अंक निराळा होता. ह्या चुकीबद्दल कोणीं मुलांना हंसूं नये, असें आम्हांस वाटतें. कारण धातूच्या अंगीं असे दोन निरनिराळे अंक असतात, ही गोष्ट गेल्या शतकापूर्वींच्या मोठमोठ्या पंडितांनाही उमगली नव्हती. ज्या पुरुषानें हे दोन अंक प्रथम एकमेकांपासून वेगळे केले आणि तें खरें करून दाखविण्यासाठीं आपलें उभें आयुष्य वेंचलें, त्या आल्फ्रेड वर्नर ह्यांचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

आल्फ्रेड वर्नर ह्यांचा जन्म १२ डिसेंबर १८६६ रोजीं आल्सास प्रांतांतील म्युलूझ ह्या गांवीं झाला. त्या वेळीं हा प्रांत फ्रान्सच्या राज्यांत होता. आल्फ्रेड चार वर्षांचाही झाला नव्हता, तोंच फ्रान्स व जर्मनी ह्यांच्यामध्यें युद्ध पेटलें, फ्रान्सचा पराभव झाला, आणि १८७१ मध्यें आल्सास जर्मनीच्या अमलाखालीं गेला. शाळेंत जर्मन आणि घरांत फ्रेंच, अशा दोन भाषांत ह्या बालकाचें मन वाढलें. वडील लोखंडाच्या ओतशाळेंत काम करीत. घरची स्थिति बेताचीच होती. परंतु मुलाच्या जिज्ञासेस आडकाठी झाली नाहीं. घरामागील कोठारांत त्यानें स्वतःची एक लहानशी प्रयोगशाळा थाटली होती. अठराव्या वर्षीं त्यानें आपला एक रसायनविषयक निबंध गांवांतील रसायनशाळेच्या प्रमुखांपुढें ठेविला. त्यांत पुढें टिकेल असें कांहीं नव्हतें. तथापि ज्या वयांत बहुतेक मुलें दुसऱ्यानें लिहिलेलें पाठ करितात, त्या वयांत हा मुलगा स्वतः विचार करूं लागला होता, एवढें त्यावरून कळून येतें.

एक वर्ष सैन्यांत सक्तीची नोकरी केल्यावर, १८८६ मध्यें वर्नर स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील पॉलिटेक्निकमध्यें दाखल झाला. तेथील एक गोष्ट पालकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गणित व भूमिति ह्या विषयांनीं त्याला फार छळिलें. त्यांत त्याला अपयशही आलें. पुढें ज्याच्या दृष्टीला अणूंची अवकाशांतील मांडणी डोळ्यांपुढें ठेवलेल्या खेळण्यासारखी स्पष्ट दिसूं लागली, तोच विद्यार्थी भूमितीच्या परीक्षेंत मागें पडला होता! परीक्षेंतील अपयश हें बुद्धीचें अखेरचें माप नसतें. १८८९ मध्यें त्यानें पदविका मिळविली आणि १८९० मध्यें आर्थर हांच ह्या आपल्या गुरूंच्या हाताखालीं डॉक्टरेट संपादन केली. नायट्रोजनयुक्त रेणूंत अणु कोणत्या दिशांस बसलेले असतात, हा त्या प्रबंधाचा विषय होता. त्यानंतर पॅरिस येथें बर्थेलो ह्या प्रख्यात रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंत कांहीं काळ काढून, १८९२ मध्यें हा तरुण झुरिकला अध्यापनासाठीं परत आला.

आतां त्या काळच्या रसायनशास्त्रापुढें कोणतें कोडें पडलें होतें, तें सांगणें अवश्य आहे. प्रत्येक मूलद्रव्याची संयोग पावण्याची एक ठराविक शक्ति असते. तिला संयुजा म्हणतात. हायड्रोजनची एक, ऑक्सिजनची दोन, नायट्रोजनची तीन, असा हिशेब विद्वानांनीं बसविला होता. ह्या हिशेबानें कोबाल्टाच्या एका अणूनें क्लोरिनचे तीन अणु धरिले, म्हणजे त्याची संयुजा संपली. तिकडे अमोनियांत नायट्रोजनच्या एका अणूनें हायड्रोजनचे तीन अणु धरिले, म्हणजे त्याचेंही समाधान झालें. असे दोन्ही तृप्त पदार्थ एकत्र येण्याचें कांहीं कारण नव्हतें. परंतु प्रत्यक्षांत मात्र तीन क्लोरिन धारण करणाऱ्या कोबाल्टाशीं अमोनियाचे सहा, पांच किंवा चार रेणु संयोग पावत आणि सुंदर रंगाचे स्फटिक तयार होत. सहा अमोनियांचा पदार्थ नारिंगी-पिवळा, पांच अमोनियांचा जांभळट लाल, चार अमोनियांचा हिरवा. आणि हा संयोग कांहीं वरवरचा नव्हता. नारिंगी-पिवळ्या पदार्थावर तीव्र आम्लाचा प्रयोग करून त्यास ऊन दिलें, तरी अमोनिया कोबाल्टाला सोडीत नसे.

स्वीडनमधील ब्लोमस्ट्रांड ह्या पंडितानें ह्यावर एक तोड काढिली होती. कोबाल्टास तीनच हात आहेत. त्या हातांना अमोनियाचे रेणु सांखळीच्या कड्यांप्रमाणें एकापुढें एक अडकलेले असून शेवटीं क्लोरिन लोंबत असतो, असें त्याचें मत होतें. कोपनहेगनचे प्राध्यापक सोफस माड्स योर्गेनसेन ह्यांनीं हेंच मत सुधारून पुढें चालविलें. योर्गेनसेन हे प्रयोगांत अत्यंत निष्णात व काटेकोर होते. कोबाल्ट, क्रोमियम, ऱ्होडियम अशा धातूंचीं कितीतरी संयुगें त्यांनीं आपल्या हातांनीं शुद्ध करून ठेविलीं होतीं. अशा ज्ञानवृद्धाच्या मताविरुद्ध बोलण्यास अनुभव हवा. आणि सव्वीस वर्षांच्या वर्नर ह्यांनीं ह्या विषयांत तोंवर एकही प्रयोग केलेला नव्हता.

असें सांगतात कीं, एके रात्रीं दोन वाजतां वर्नर झोंपेंतून दचकून जागे झाले. बरेच दिवस छळणाऱ्या कोड्याचें उत्तर त्यांना सुचलें होतें. ते तत्काळ लिहावयास बसले, आणि कडक कॉफीच्या बळावर दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांच वाजेपर्यंत त्यांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. हा निबंध १८९३ मध्यें प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यास त्या वेळीं अद्याप चार वर्षें अवकाश होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या धाडसाची कल्पना येते.

वर्नर ह्यांचें म्हणणें आम्ही आपल्या घरांतील दाखल्यानें सांगतों. एका गृहस्थाच्या घरीं पंगत बसली आहे. त्या गृहस्थाच्या डोक्यावर तीन रुपयांचें देणें आहे, आणि त्याच्या माजघरांत सहा पाट मांडलेले आहेत. देणें किती, हा एक प्रश्न. पाट किती, हा दुसरा. देणें तीन रुपयांचें आहे म्हणून पाट तीनच मांडावे असा नियम नाहीं. आणि पाट सहा आहेत म्हणून देणेंही सहा रुपयांचें होत नाहीं. पाटांवर सावकार बसतील, तसे ज्यांचें कांहीं देणें नाहीं असे पाहुणेही बसतील. कोबाल्टाच्या घरीं क्लोरिन हा एकेका रुपयाचा सावकार होय आणि अमोनिया हा निव्वळ पाहुणा होय. तीन रुपयांचें देणें तो ऑक्सिडेशन अंक. सहा पाट तो कोऑर्डिनेशन अंक. वर्नर ह्यांनीं पहिल्यास मुख्य संयुजा व दुसऱ्यास गौण संयुजा अशीं नांवें दिलीं होतीं.

आतां पाटांवर सहाही अमोनिया बसले, तर तिन्ही क्लोरिनांना ओसरीवर बसावें लागतें. पांच अमोनिया असतील, तर एक क्लोरिन आंत पाटावर येतो व दोन ओसरीवर राहतात. चार असतील, तर दोन आंत व एक बाहेर. मात्र देणें प्रत्येक वेळीं तीनच रुपयांचें असतें, मग सावकार आंत बसो कीं बाहेर. द्रावणांत सिल्व्हर नायट्रेट टाकणें म्हणजे ओसरीवरच्या क्लोरिनांस हांक मारण्यासारखें आहे. ओसरीवरचे तत्काळ उठून येतात आणि पांढरा साका बसतो; पंगतींतले सहजासहजीं उठत नाहींत. प्रयोग करून पाहतां सहा अमोनियांच्या पदार्थांतून तीन, पांचांच्या पदार्थांतून दोन व चारांच्या पदार्थांतून एकच क्लोरिन साक्यांत उतरतो.

इथपर्यंत सांखळीचें मतही ओढूनताणून टिकत होतें. खरी कसोटी तीन अमोनियांच्या पदार्थांची होती. सांखळीच्या मताप्रमाणें तेथेंही एक क्लोरिन मोकळा हवा. वर्नर ह्यांच्या मताप्रमाणें तीन अमोनिया व तीन क्लोरिन मिळून सहा पाट भरतात, तेव्हां ओसरीवर कोणीच उरत नाहीं. वर्नर ह्यांनीं आपले मित्र मिओलाती ह्यांच्या साहाय्यानें अशा निरनिराळ्या संयुगांच्या द्रावणांतून वीज किती वाहते, हें मोजण्याचा उद्योग आरंभिला. ओसरीवरचीं मंडळी जितकी अधिक, तितकी वीज अधिक वाहते. ह्या जातीच्या संयुगांतून ती जवळजवळ वाहिलीच नाहीं. आणि मौज अशी कीं, योर्गेनसेन ह्यांनीं स्वतः तयार केलेल्या इरिडियमच्या ह्याच प्रकारच्या संयुगानें सिल्व्हर नायट्रेटच्या हांकेस ओ दिली नाहीं, ही गोष्ट त्यांच्याच मताच्या विरुद्ध साक्ष देणारी ठरली.

दरम्यान १८९३ मध्येंच वर्नर ह्यांची झुरिक विद्यापीठांत नेमणूक झाली, आणि १८९५ मध्यें, तिसावें वर्ष लागण्यापूर्वीं, ते पूर्ण प्राध्यापक झाले. १८९४ मध्यें त्यांचा विवाह झाला. पुढें त्यांस एक पुत्र व एक कन्या झाली. झुरिकला त्यांनीं आपलें घर मानिलें व स्वित्झर्लंडचें नागरिकत्व स्वीकारिलें. त्यांची प्रयोगशाळा मात्र नांव घेण्यासारखी नव्हती. कांहीं खोल्या तळघरांत होत्या. तेथें दुपारींही दिव्याच्या उजेडांत काम करावें लागे, आणि विद्यार्थी त्या जागेस भुयार म्हणत. नवी इमारत १९०९ मध्यें मिळाली. परंतु त्या अंधाऱ्या खोल्यांत देशोदेशींचे विद्यार्थी येत, आणि त्यांत विद्यार्थिनीही असत. ईडिथ हंफ्री ह्या इंग्लिश विदुषीनें १९०१ मध्यें वर्नर ह्यांच्याच हाताखालीं डॉक्टरेट मिळविली. दोनशेंहून अधिक प्रबंध त्यांच्या मार्गदर्शनानें पूर्ण झाले.

वर्नर ह्यांचा दुसरा सिद्धांत पाटांच्या मांडणीविषयीं होता. सहा पाट एकाच जमिनीवर गोलाकार मांडलेले नसून, चार दिशांस चार, एक वर व एक खालीं अशा रीतीनें ते मध्यवर्ती अणूभोंवतीं असतात, असें त्यांनीं प्रतिपादिलें. ह्या आकृतीस अष्टफलक म्हणतात. ह्याची परीक्षा कशी करावी? दोन क्लोरिन आंत बसले असतां, गोल मांडणींत त्यांच्या जोडीच्या तीन तऱ्हा संभवतात, अष्टफलकांत दोनच. ते शेजारींशेजारीं बसतील किंवा समोरासमोर. म्हणून चार अमोनियांच्या पदार्थाचे दोन प्रकार असलेच पाहिजेत. हिरवा प्रकार सर्वांस ठाऊक होता. दुसरा कोणास सांपडेना, आणि योर्गेनसेन ह्यांचा त्यावर रास्त आक्षेप होता. चौदा वर्षें वर्नर ह्यांना ह्या आक्षेपाचें उत्तर देतां आलें नाहीं. अखेर १९०७ मध्यें त्यांनीं तो जांभळा पदार्थ तयार करून दाखविला. वृद्ध योर्गेनसेन ह्यांनीं प्रांजळपणें आपला पराभव मान्य केला. इतकीं वर्षें दोघे एकमेकांच्या मतांवर टीका करीत होते, पण एकमेकांच्या प्रयोगांवर त्यांनीं कधीं अविश्वास दाखविला नाहीं. ज्यांचें मत खोडून काढावयाचें, त्यांच्याच शुद्ध संयुगांच्या आधारानें वर्नर आपली इमारत उभारीत होते. शास्त्रांतील वैर असें असावें.

तरीही शंकेखोरांचें समाधान होईना. तेव्हां वर्नर ह्यांनीं आणखी कठीण परीक्षा पुढें घेतली. डावा व उजवा शंख सर्व बाजूंनीं सारखे असूनही एकावर एक ठेवून जुळत नाहींत. अष्टफलकाची कल्पना खरी असेल, तर कोबाल्टाच्या कांहीं संयुगांतही अशी डाव्या-उजव्याची जोडी असली पाहिजे, आणि त्यांपैकीं एकानें प्रकाशाची कंपनपातळी डावीकडे व दुसऱ्यानें उजवीकडे वळविली पाहिजे. व्हिक्टर किंग ह्या अमेरिकन विद्यार्थ्यानें ही जोडी वेगळी करण्यासाठीं सुमारें दोन हजार वेळां स्फटिक पाडले व विरघळविले, असें सांगतात. सर्व व्यर्थ गेलें. अखेर कापरापासून केलेल्या एका आम्लाच्या क्षाराची योजना करतांच जोडी फुटली, आणि १९११ मध्यें वर्नर ह्यांचा सिद्धांत निर्विवाद झाला. तरी कोणी म्हणूं लागले कीं, ह्या संयुगांत कार्बन आहे, त्याचाच हा प्रभाव असावा. १९१४ मध्यें वर्नर ह्यांनीं कार्बनचा लेशही नसलेल्या कोबाल्टाच्या संयुगाची तशीच जोडी वेगळी केली, आणि तीही शंका मिटविली.

१९१३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक वर्नर ह्यांस मिळालें. दुर्दैवानें हें वैभव त्यांना फार दिवस भोगतां आलें नाहीं. अहोरात्र श्रमांनीं शरीर खचलें होतें. मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होण्याचा विकार जडला, आणि ज्या बुद्धीनें अणूंच्या पंगती मांडल्या, तीच हळूहळू मंद होत गेली. १९१९ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं आपलें पद सोडलें, आणि त्याच वर्षीं १५ नोव्हेंबर रोजीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, झुरिक येथें त्यांचें देहावसान झालें. दोनच वर्षांनीं, १९२१ मध्यें, क्ष-किरणांच्या साहाय्यानें प्लॅटिनमच्या एका संयुगाची रचना पाहण्यांत आली. मध्यें प्लॅटिनम व भोंवतीं क्लोरिनचे सहा अणु, अगदीं अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर बसलेले! जें वर्नर ह्यांनीं केवळ रंग, साका व वीज ह्यांवरून ओळखिलें होतें, तें आतां प्रत्यक्ष दिसलें. तें पाहण्यास ते राहिले नव्हते.

आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या दोन अंकांची परीक्षा स्वतः करून पहावी. पोटॅशियम फेरोसायनाइड व फेरिसायनाइड ह्या दोन्हींत लोखंडाभोंवतीं सहा पाट आहेत. पण पहिल्यांत देणें दोनाचें व दुसऱ्यांत तीनाचें. पाट सारखे, देणें निराळें. उलट कोबाल्ट क्लोराइडच्या गुलाबी द्रावणांत कोबाल्टाभोंवतीं पाण्याचे सहा रेणु असतात, आणि त्यांत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलें म्हणजे क्लोरिनचे चार अणु पाटांवर बसून द्रावण निळें होतें. येथें देणें दोन्ही वेळां दोनच, पण पाट सहाचे चार झाले. दोन अंक परस्परांपासून किती स्वतंत्र आहेत, हें ह्या दोन उदाहरणांवरून कळेल.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. आपल्या रक्तांतील लोखंडाभोंवतीं सहा पाट असून, श्वासाबरोबर येणाऱ्या ऑक्सिजनसाठीं त्यांतील एक राखलेला असतो. लोखंडाचा ऑक्सिडेशन अंक दोन असेल तोंवरच त्या पाटावर ऑक्सिजन बसतो. तो अंक तीन झाला कीं पाट असूनही ऑक्सिजनला तेथें जागा मिळत नाहीं, आणि मनुष्याचा जीव घुसमटूं लागतो. प्लॅटिनमचें दुसरें उदाहरण घ्या. दोन अमोनिया व दोन क्लोरिन धारण करणाऱ्या प्लॅटिनमच्या संयुगाचे दोन प्रकार कसे होतात, हें वर्नर ह्यांनीं १८९३ च्या त्याच निबंधांत उलगडलें होतें. दोन्हींत ऑक्सिडेशन अंक दोन, कोऑर्डिनेशन अंक चार; भेद एवढाच कीं, एकांत क्लोरिन शेजारींशेजारीं व दुसऱ्यांत समोरासमोर. शेजारींशेजारीं क्लोरिन असलेला प्रकार म्हणजे सिस्प्लॅटिन. १९६५ मध्यें रोझेनबर्ग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून प्लॅटिनमच्या संयुगांचा पेशींच्या विभाजनावर होणारा परिणाम उघडकीस आला, आणि १९७८ मध्यें सिस्प्लॅटिनला कर्करोगावरील औषध म्हणून अमेरिकेंत मान्यता मिळाली. समोरासमोरचा प्रकार ह्या कामीं निरुपयोगी ठरला. आपल्या ठाण्याहून लोकलगाडीनें जातां येईल अशा परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत, डोकें व मान ह्यांच्या कर्करोगावर हें औषध आठवड्यास थोडें द्यावें कीं तीन आठवड्यांनीं अधिक द्यावें, ह्याचा तीनशें रुग्णांवर कसून अभ्यास झाला, आणि त्याचा निष्कर्ष २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. झुरिकच्या तरुणानें एका रात्रींत लिहिलेल्या निबंधाचा धागा असा आपल्या दारापर्यंत येऊन पोहोंचला आहे.

आमच्या प्रयोगशाळेंतील त्या दुपारकडे पुन्हां एकदां वळूं. चार हें उत्तर देणाऱ्या मुलांनीं मोजण्यांत चूक केली नव्हती. त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाऐवजीं दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर दिलें होतें. वर्नर ह्यांच्या पूर्वींचे पंडितही ह्याच जागीं अडले होते. त्यांच्यापाशीं प्रयोग पुष्कळ होते आणि बुद्धीही होती. परंतु दोन प्रश्नांचें उत्तर ते एकाच अंकांत शोधीत होते. वर्नर ह्यांनीं ते दोन प्रश्न वेगळे केले, आणि मग एका जांभळ्या पदार्थासाठीं चौदा व एका जोडीसाठीं अठरा वर्षें धीर धरिला. विद्यार्थ्यांनीं हा विवेक व हा धीर अंगीं बाणवावा. आणि मुलाचा एखाद्या विषयांतील कमी गुणांचा कागद हातीं आला असतां, पालकांनीं भूमितींत मागें पडलेल्या म्युलूझच्या त्या मुलाची एकवार आठवण करावी, एवढीच आमची विनंति आहे.